आधी फूल, मग लेन्स, मग कॅमेरा

तुझा प्रश्न थोडक्यात असा : कराडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, विषय वनस्पतिशास्त्र. घरून चाळीस हजार रुपये मिळालेत, वर एक रुपयाही मिळणार नाही. कासची फुलं टिपायची आहेत, जमलं तर आषाढात लोणंदला आलेली माउलींची पालखी, आणि मधे मामेबहिणीचं लग्न आहे. दुकानदार कॅनन १५००डी चा दोन लेन्सचा नवा सेट घे म्हणतोय, मैत्रिणीचा भाऊ म्हणतोय डीएसएलआरचे, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचे दिवस संपले, मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा घे. यातलं काय घेऊ?

मी साताऱ्यात पंचवीस वर्षं फोटो काढतोय. पोट लग्नांवर भरतं, जीव पठारावर असतो. असा प्रश्न वर्षातून दहा-बाराजण तरी विचारतात आणि बहुतेक सगळे कॅमेऱ्याच्या नावापासून सुरू करतात. तू आधी काय टिपायचंय ते सांगितलंस, म्हणून उत्तर द्यायला सोपं झालंय. तुझ्या यादीत फुलं पहिली आहेत, तर मीही तिथूनच सुरू करतो.

कासवर सप्टेंबरात जे दिसतं त्यातलं निम्मं घोट्याच्या खाली असतं. सोनकी आणि तेरड्याचे गालिचे लांबून दिसतात, ते मोबाइलवरही छान येतात. पण सीतेची आसवं म्हणजे ते जांभळं युट्रिक्युलेरिया जेमतेम एक सेंटीमीटरचं. दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंब तर टाचणीच्या डोक्याएवढे. तुझ्या अभ्यासाला ही लहानच फुलं लागणार. तेव्हा पहिला प्रश्न हा, की एक सेंटीमीटरचं फूल फोटोत किती मोठं दिसेल?

हे गणित एकदा करून ठेव, दुकानात कुणी फसवणार नाही. आपल्या बजेटमधल्या कॅननच्या सेन्सरची, म्हणजे आतल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीची रुंदी साधारण २२ मिलिमीटर असते. प्रत्येक लेन्सच्या माहितीत तिचं जास्तीत जास्त मॅग्निफिकेशन दिलेलं असतं. सेन्सरची रुंदी त्या आकड्याने भागली की अगदी जवळून चौकटीत किती रुंद जागा मावते ते कळतं. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स घेतली, तर एफ ३.५-५.६ असं लिहिलेल्या प्रकाराचा आकडा ०.३४ च्या आसपास आहे. म्हणजे चौकटीत आडवी साडेसहा सेंटीमीटर जागा, आणि सीतेची आसवं तिचा सहावा हिस्सा. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो आडवा ६००० पिक्सेलचा असतो, त्याचा सहावा हिस्सा १०००. प्रोजेक्टच्या वहीत तीन इंच रुंद छापायला एवढं पुरतं. ज्या किट लेन्सला सगळे नावं ठेवतात तिचं हे काम आहे.

आता ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्सचा हिशोब बघ (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं). नवशिक्याला सगळे हीच लेन्स सुचवतात, मीही सुचवतो, पण फुलांसाठी नाही. कॅननच्या एसटीएम ५० चा आकडा ०.२१ आहे. चौकटीत साडेदहा सेंटीमीटर मावतात, म्हणजे तुझं फूल किट लेन्सपेक्षाही बारीक दिसणार. पार्श्वभूमी मऊ येईल, फूल मात्र हरवेल. ही चूक मी कितीतरी मुलांना करताना पाहिली आहे. हौसेने पन्नास घेतात आणि पठारावर जाऊन हिरमुसतात.

किट लेन्सची अडचण वेगळी. ती साडेसहा सेंटीमीटरची चौकट मिळवायला लेन्सची काच फुलापासून वीतभरापेक्षाही जवळ न्यावी लागते. कासवर पायवाट सोडून आत जायचं नाही. वनस्पतिशास्त्राच्या मुलीला हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण कॅमेरा हातात आला की भलीभली माणसं गवतात आडवी होतात आणि एका फुलापायी अंगाखाली पन्नास चिरडतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्यांत कास आहे. खडकावरचा तो मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच जाड आहे, तिथे कोपर रोवलं तरी खूण राहते.

म्हणून तुझ्यासाठी माझी पहिली पसंती आहे लांबचं जवळ आणणारी ५५-२५० मिलिमीटर एसटीएम (एसटीएम हे लेन्समधल्या फोकसच्या मोटारीचं नाव). तिचा आकडा ०.२९, म्हणजे चौकटीत पावणेआठ सेंटीमीटरच्या आसपास जागा. फूल किट लेन्सपेक्षा किंचित लहान दिसतं, पण ही चौकट तुला ८५ सेंटीमीटरवरून मिळते. पायवाटेवर उकिडवं बसून आतलं फूल टिपता येतं. शिवाय हीच लेन्स पालखीला कामाला येते. खरेदी करताना नावात एसटीएम आहे याची खात्री कर. ५५-२५० मध्येच आयएस टू नावाची जुनी लेन्स आहे, तिला १.१ मीटर अंतर लागतं आणि २५० च्या टोकाला तिचा फोटो थोडा कमी धारदार येतो. दुकानदार दाखवतोय त्या दोन लेन्सच्या सेटमध्ये बहुतेक तीच असते. ती वाईट नाही, पण एसटीएम सेकंडहँड मिळत असेल तर मी तीच घेईन.

फुलाच्या अजून आत शिरायचं असेल, पराग दिसायला हवे असतील, तर महागडी मॅक्रो लेन्स लगेच नको. एक्स्टेन्शन ट्यूब घे. ती नुसती पोकळ नळी असते, आत काच नसते. बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) आणि लेन्स यांच्यामध्ये बसवली की लेन्स जास्त जवळचं फोकस करते. ५० च्या लेन्समागे २५ मिलिमीटरची ट्यूब लावली तर ०.२१ चा आकडा ०.७ वर जातो, म्हणजे चौकटीत तीन सेंटीमीटरच्या आसपास. घेताना धातूचे संपर्कबिंदू असलेलीच घे. बिनसंपर्काची अगदी स्वस्त मिळते, पण तिच्यातून कॅमेऱ्याला लेन्सचं छिद्र लहानमोठं करता येत नाही, आणि इतक्या जवळून छिद्र लहान केल्याशिवाय फुलाचा अर्धा भाग धूसरच राहतो. ट्यूब लावल्यावर लांबचं काही फोकस होत नाही. कॅमेरा बिघडला असं वाटून घाबरू नकोस.

लेन्स ठरली, आता बॉडी. इथे मी मेगापिक्सेल शेवटी बघतो. अठरा मेगापिक्सेलचा फोटो ५१८४ बाय ३४५६ असतो. अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान त्यातून इंचाला २८८ ठिपक्यांनी छापलं जातं. माझ्या गिऱ्हाइकांच्या भिंतींवर असे फोटो आहेत आणि अठरा आणि चोवीसमधला फरक आजवर एकाही माणसाने मला दाखवलेला नाही.

तुझ्यासाठी बॉडीत एकच गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती म्हणजे बाहेर निघून फिरणारा स्क्रीन. फूल जमिनीपासून चार बोटांवर आहे. कॅमेरा तिथे टेकवल्यावर डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचा तर गाल चिखलात जातो. स्क्रीन फिरत असेल तर कॅमेरा जमिनीलगत ठेवून वरून बघता येतं. दुकानदार सांगतोय ती कॅनन १५००डी चोवीस मेगापिक्सेलची आहे, फोटो उत्तम देते, पण तिचा स्क्रीन पाठीला चिकटलेला. निकॉन डी३५०० चंही तसंच.

फिरत्या स्क्रीनच्या आणि आपल्या पैशांत बसतील अशा तीन बॉडी सेकंडहँड बाजारात नेहमी दिसतात : कॅनन ७००डी, कॅनन २००डी आणि निकॉन डी५३०० किंवा डी५६००. निकॉनचा सेन्सर मला आवडतो, सावलीतले तपशील छान काढतो. पण स्क्रीनवर बघून फोकस करताना निकॉनच्या या बॉडी चाचपडतात. कॅनन २००डी मध्ये ड्युअल पिक्सेल फोकस आहे. स्क्रीनवर फुलाला बोट लावलं की ती तिथे झटकन जाते. २०१७ ची बॉडी, चोवीस मेगापिक्सेल, वजन अर्ध्या किलोच्या आत. तुझ्या कामाला मी हीच निवडेन. ती बजेटात बसली नाही तर २०१३ ची ७००डी. स्क्रीनवरचा फोकस जरा संथ, पण फूल कुठे पळून जात नाही.

पुढे लग्नकार्यात फ्लॅश वापरायचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेव. १५००डी आणि २००डी मार्क टू या बॉडींच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिन नाही, त्यामुळे साधे एका पिनेचे ट्रिगर (दूरचा फ्लॅश पेटवणारी यंत्रं) आणि फ्लॅश त्यांच्यावर पेटतच नाहीत. पहिल्या २००डी आणि ७००डी ला ती पिन आहे.

मिररलेसबद्दल मैत्रिणीचा भाऊ चुकीचं सांगत नाहीये. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही, पुढचं सगळं काम मिररलेसमध्येच चाललंय. लग्नाच्या कामाला नेतो त्या माझ्या बॅगेतले दोन्ही कॅमेरे आता मिररलेस आहेत. पण चाळीस हजारांत नवी मिररलेस घ्यायला गेलीस तर सगळे पैसे बॉडीत आणि एका किट लेन्समध्ये संपतील, फुलांची लेन्स राहून जाईल. उलट लोक डीएसएलआर सोडून चाललेत म्हणूनच चांगल्या बॉडी आणि लेन्स सेकंडहँडमध्ये स्वस्त झाल्यात. शिकणाऱ्यासाठी इतका चांगला काळ मी पाहिलेला नाही. आणि कॅननच्या या लेन्स उद्या अडॅप्टर लावून कॅननच्या आर मालिकेच्या मिररलेसवर फोकससकट चालतात. बॉडी बदलशील, लेन्स वाया जाणार नाही.

आता सेकंडहँड घेण्याबद्दल, इथे सावकाश वाच.

मी २००९ मध्ये जाहिरात पाहून पुण्यातल्या एकाकडून टेलिझूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स घेतली होती. संध्याकाळची वेळ, खोलीत पिवळा दिवा. लेन्स बाहेरून लखलखीत, डबा आणि बिल दोन्ही होतं. मी दोन फोटो काढले, पैसे दिले आणि शेवटची एसटी पकडली. दुसऱ्या दिवशी अजिंक्यताऱ्यावरून गावाकडे रोखली तर सगळं दुधाळ. लेन्स उघड्यावर धरली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. बुरशी होती. साफ करायला दिली तेव्हा कळलं, की बुरशीने काचेवरचा लेप खाल्लाय, तो परत येत नाही. तीन महिन्यांची कमाई होती ती. तेव्हापासून मी दिवसाउजेडीच व्यवहार करतो आणि खिशात मोबाइल असला तरी छोटी बॅटरी वेगळी नेतो.

लेन्स अशी बघ : दोन्ही झाकणं काढ, छिद्र पूर्ण उघडं ठेव, मागून तिरपा प्रकाश टाक आणि पुढून आत बघ. धुळीचे चार कण चालतात, फोटोत दिसत नाहीत. धागे, डाग किंवा धुरकट पडदा दिसला तर किंमत कितीही कमी केली तरी उठून ये. झूमची कडी फिरवताना किरकिर वाटते का, आणि फोकस प्रत्येक टोकाला अचूक लागतो का, ते बघ. पाच-सात फोटो काढून स्क्रीनवर मोठे करून बघ.

बॉडीचं वय वर्षांत नाही, शटर किती वेळा पडलंय त्यात मोजतात. या वर्गातल्या बॉडींचं शटर साधारण एक लाखाच्या हिशोबाने बनवलेलं असतं. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच हा आकडा लिहिलेला असतो, एक फोटो काढून घे आणि तपास. कॅननच्या या बॉडी फाइलमध्ये आकडा लिहीत नाहीत, त्यासाठी कॅमेरा केबलने संगणकाला जोडून सॉफ्टवेअर चालवावं लागतं. ते जमलं नाही तर खुणा वाचायच्या. फ्लॅशच्या खाचेचा काळा रंग घासून आतला धातू दिसत असेल, पकडीचं रबर सुटलं असेल, शटरचं बटण गुळगुळीत झालं असेल, तर ती बॉडी स्टुडिओत राबलेली आहे, विकणारा काहीही म्हणो. मग छिद्र एफ २२ वर ठेवून कोऱ्या आकाशाचा फोटो घे. काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, साफ होते. ठिपका नसून रेघ असेल तर तो ओरखडा असू शकतो, घेऊ नकोस. स्क्रीन पूर्ण उघडून फिरवून बघ, बिजागरीतली पट्टी तुटत आली असेल तर चित्र मधेच जातं. बिलावरचा क्रमांक आणि बॉडीखालचा क्रमांक जुळवून घे. बिल नाही म्हणणाऱ्याकडून शक्यतो घेऊ नकोस, चोरीचा माल असेल तर निस्तरावं तुला लागेल.

आणखी एक, अनुभवाने आलेलं. स्टुडिओतली बॉडी झिजलेली असते पण कोरडी आणि निगुतीने ठेवलेली असते. हौशी माणसाचा कॅमेरा नव्यासारखा दिसतो, पण तीन पावसाळे कपाटात कपड्यांखाली पडलेला असतो, आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. म्हणून बॉडी बघताना झीज शोध आणि लेन्स बघताना बुरशी.

पैशांची वाटणी मी अशी करेन : बॉडी आणि १८-५५ मिळून सव्वीस हजारांच्या वर जायचं नाही. २००डी त्यात येत नसेल तर हट्ट न धरता ७००डी. ५५-२५० एसटीएमसाठी आठ हजारांपर्यंत. दोन-अडीच हजार ट्यूब आणि कार्डाला. उरलेले साडेतीन-चार हजार तसेच ठेव, त्यातून जास्तीची बॅटरी, आणि सेकंडहँड मालात काही निघालंच तर दुरुस्ती. बॅटरी अस्सल कंपनीची घे, नकली फुगतात आणि कॅमेऱ्यात अडकून बसतात. सेटसोबत फुकट मिळणारा पोकळ ट्रायपॉड हा खर्चाचा भागच समजू नकोस, कासच्या वाऱ्यात तो तुझ्या कॅमेऱ्यासकट पडेल. कॅमेरा टेकवायला अर्धा किलो तांदळाची कापडी पिशवी जमिनीलगत त्याच्यापेक्षा घट्ट बसते.

लग्नाचं थोडक्यात. मामेबहिणीच्या लग्नात नेमलेला फोटोग्राफर असेल, त्याच्या वाटेत न येता तू घरातले प्रसंग टिप : हळद, बांगड्या भरणं, आजीचे हात. दिवसा खिडकीजवळ किट लेन्स पुरते. रात्री कार्यालयात पुरत नाही, कारण ५५ वर तिचं छिद्र एफ ५.६ असतं आणि ५० एफ १.८ त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. शटरचा वेग सेकंदाच्या एक पंधरांशावर अडकला तर हलणारा प्रत्येक हात पुसट येतो. त्यासाठी पन्नास पुढच्या वर्षी घे, तीच मग ट्यूबवर चढेल.

पालखीला मात्र एक पथ्य पाळ. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, घोडे धावतात तेव्हा धुळीने समोरचं दिसेनासं होतं. तिथे लेन्स बदलायची नाही. ५५-२५० आधीच चढवून ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत काढायची नाही. या बॉडी पाण्या-धुळीपासून सीलबंद नसतात. कासच्या भुरभुरीतही कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, पुढे लेन्सपुरतं भोक, एवढंच पुरतं. घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत ठेवू नकोस. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा घे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक, आतल्या दाण्यांचा रंग बदलला की ते पुडीतून काढून तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापर. आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा आहे, बुरशीला त्याहून कमी वेळ पुरतो.

शेवटी वाऱ्याबद्दल, कारण पठारावर तुला सगळ्यात जास्त तोच छळेल. लेन्समधली स्थिरता तुझा हात सावरते, फुलाचं डुलणं थांबवत नाही. त्यासाठी शटर सेकंदाच्या १/२५० पेक्षा वेगवान हवं, छिद्र एफ ८ च्या आसपास, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, लागेल तितका वाढव. सकाळी लवकर पोहोच, वारा पडलेला असतो आणि दवबिंदूवरचे थेंब तेव्हाच चमकतात. याचा सराव कासला जाऊन करायचा नाही. एप्रिलात कॅमेरा घेतलास तर तुमच्या बांधावर दगडी पाला असेलच. त्याचं फूल एक-दीड सेंटीमीटरचं, लांब दांड्यावर, जराशा वाऱ्यानेही हलणारं. ते पंचाऐंशी सेंटीमीटरवरून दहातल्या सात फोटोंत स्वच्छ यायला लागलं की मला कळव, सप्टेंबरात पठारावर सकाळी सहाला कुठल्या बाजूने प्रकाश येतो ते मी सांगेन.